डब्याचा हिशेब

महागाईची चर्चा कचेरीत किंवा शिक्षकांच्या खोलीत सुरू झाली, की ती पेट्रोल, घरभाडे, मुलांची फी अशी वळणे घेत अखेर दुपारच्या जेवणावर येऊन थांबते. उपाहारगृहातील राइस प्लेट रोज परवडत नाही. वडापाव किंवा मिसळ रोज खाल्ली तर प्रकृती साथ देत नाही. तेव्हा घरचा डबा आणावा, तोच स्वस्त आणि तोच पथ्यकर, असा निष्कर्ष एकमताने निघतो. डॉक्टर हेच सांगतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्याही हेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही. मात्र ‘स्वस्त’ हा शब्द त्यात ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजता अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नाही. डबा कोणाला स्वस्त पडतो, आणि कोणाच्या खर्चाने, हे त्या चर्चेत कोणी विचारीत नाही.

कोल्हापूरसारख्या शहरात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांतून रोज सकाळी एसटीने आणि दुचाकीने शहराकडे येणारा नोकरदार, शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, उद्यमनगरातील लेथवर उभा राहणारा कारागीर, महाविद्यालयाचा विद्यार्थी, या साऱ्यांच्या पिशवीत डबा असतो. शहरात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाला गावाकडून एसटीने डबा पाठवण्याची रीतही या भागाला नवी नाही. तांबडा-पांढरा रस्सा ही कोल्हापूरची बाहेरच्यांना असलेली ओळख; शहराचा दुपारचा व्यवहार मात्र चपाती-भाजीवर चालतो.

या डब्यात पूर्वी काय असे, आणि आज काय असते? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि जमल्यास दही, हे गावाकडचे साधे जेवण पोषणाच्या दृष्टीने फार शहाणपणाचे होते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते. ती डाळी-कडधान्ये भरून काढतात. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मटकी भिजवून मोड आणले, की कोरड्या धान्यात नसलेले ‘क’ जीवनसत्त्व तिच्यात तयार होते. चंदगड, आजरा, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांतील नाचणीत गहू-तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. यातील कोणताही जिन्नस परदेशी नाही, की चैनीचा नाही.

असे असूनही आजच्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी यांचेच राज्य आहे. याचा दोष बदललेल्या आवडीनिवडींवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण आवड ही पुष्कळदा किमतीच्या मागून चालते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचाही उल्लेख होता आणि त्याचा दर सर्वांत कमी, किलोला १ रुपया, ठेवला होता. रेशन दुकानात प्रत्यक्षात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. एकीकडे गहू फुकट, दुसरीकडे ऊस आणि सोयाबीनच्या रेट्याने ज्वारीचे रान आकसत गेलेले. मग बाजारात अनेकदा गव्हाहून महाग असणारी ज्वारी कोण घेणार? त्याच २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले आणि नाचणीची बिस्किटे आकर्षक वेष्टनातून मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली. गरिबाचे धान्य श्रीमंताचे पथ्य होते, तेव्हा गरिबाच्या डब्यातून ते निघून गेलेले असते.

दुसरे कारण वेळेचे आहे. भाकरी एकेक थापावी लागते, आणि दुपारपर्यंत ती कडक होते. चपात्या झपाट्याने लाटता येतात व डब्यात मऊ राहतात. उसळीसाठी आदल्या दिवशीपासून आठवण ठेवावी लागते. बटाटा पाच मिनिटांत चिरून होतो. सकाळी सातची पाळी असलेल्या घरात चूल पाचला पेटते. तिथे आहारशास्त्राला थांबायला सवड नसते.

आणि हा वेळ बहुतांशी स्त्रीचा असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली. शिवाय घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत, हे विसरता येत नाही.

आता थोडे गणित मांडू. समजा, तीन डब्यांसाठी एका स्त्रीचा रोजचा दीड तास जातो. त्या तासाला सर्वांत कमी असा कोणता दर लावावा? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांच्या दिवसाने भागले तर तासाला ३९ रुपये, दीड तासाचे ५८ रुपये ५० पैसे, आणि महिन्यातील २६ कामाच्या दिवसांचे १,५२१ रुपये. डब्यामागे हे साडेएकोणीस रुपये होतात. घरचा डबा स्वस्त ठरवताना पीठ, डाळ, तेल आणि गॅस यांचा खर्च धरला जातो. हे साडेएकोणीस रुपये कोणत्याही वहीत चढत नाहीत. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले, तेव्हा त्याला कोणी ओवाळणी म्हटले, तर कोणी खिरापत. ही रक्कम केवळ सकाळच्या डब्याच्या, तीही अकुशल श्रमाच्या दराने धरलेल्या, मजुरीइतकीच आहे, हा योगायोग दोन्ही पक्षांच्या लक्षात आला नाही.

अर्थशास्त्राला हे वैगुण्य फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मालकाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी विवाह केला, तर तिचे काम तेवढेच राहते आणि राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते, ही विसंगती केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. ज्या निर्देशांकावरून कारकुनांचा आणि शिक्षकांचा महागाई भत्ता ठरत आला, त्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २०१६ च्या पायानुसार खाद्यपदार्थांचा भार ३९.१७ टक्के आहे. डाळ महागली तर तो हलतो. डाळ शिजवणारीची झोप तासाभराने कमी झाली तर तो जागचा हलत नाही.

स्वयंपाकाला दाम मोजावा लागतो तेव्हा चित्र कसे बदलते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून, त्यात कोल्हापूर-साताऱ्याकडून, आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत. या बायकांना वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांनी ग्रासले होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांची संघटना उभी केली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले. स्वयंपाक हा उद्योग आहे आणि तो करणारी स्त्री कर्जाला पात्र आहे, हे बँकेच्या दफ्तरात तेव्हा लिहिले गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने ग्राहकच हिरावून घेतले, ही गोष्ट वेगळी.

कोल्हापूरचा स्वतःचा अनुभव त्याहून जुना आहे. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून किंवा माधुकरी मागून शिकता येई. कुणब्याच्या मुलाला शहरात असे घर उघडे नव्हते. विद्येच्या आड जेवण येते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले; पुढे अन्य जातिधर्मांची वसतिगृहे निघाली. तो वारसा साताऱ्याला नेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंना मंगळसूत्रही विकावे लागले. शिक्षणाच्या इतिहासात त्याला त्याग म्हणतात. हिशेबाच्या भाषेत तो त्या वसतिगृहाला मिळालेला भांडवलपुरवठा होता.

अलीकडच्या काळात शासनाने दुपारच्या जेवणात दोनदा लक्ष घातले. १९९५ नंतरची १ रुपयाची झुणका-भाकर काही वर्षांतच मावळली आणि तिची कित्येक केंद्रे भलत्याच दुकानांत रूपांतरित झाली. २६ जानेवारी २०२० ला आलेल्या शिवभोजनात थाळी १० रुपयांना ठेवली, आणि शहरी भागात तिच्यामागे ४० रुपयांचे अनुदान धरले. चपाती, भाजी, वरण आणि भात यांची थाळी शिजवून वाढण्यास ५० रुपये लागतात, हा शासनाचाच २०२० चा अंदाज होय. ‘घरून आणला तर जवळजवळ फुकट’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

आता कामगार संहितांचा मुद्दा. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यालाच उपाहारगृहाची सक्ती करता येई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आली असून त्यांत कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. ५० हून अधिक कामगार असतील तिथे जेवणाच्या खोलीची तरतूद आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा १५० होती. बदल स्वागतार्ह आहे. परंतु उद्यमनगरातील दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याला या दोन्ही मर्यादांचा स्पर्श होत नाही. तिथला कामगार यंत्राशेजारीच डबा उघडतो, आणि त्याच्या जेवणाचा भार पूर्वीसारखाच त्याच्या घरातील स्त्रीवर राहतो.

ती स्त्री स्वतः नोकरीला जात असेल तर चौथा डबा तिचा. तो सर्वांत शेवटी भरला जातो. त्यात काय पडते, हे तिच्या घरच्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सर्वांसाठी पौष्टिक डबा भरणाऱ्या हातांचीच ही अवस्था आहे.

उपाय अवघड नाहीत. रेशनवर ज्वारी, नाचणी आणि एखादे कडधान्य नियमित मिळाले, तर डबा आपोआप सुधारेल. एकेका लहान कारखान्याला न झेपणारे उपाहारगृह औद्योगिक वसाहतीने सामाईक चालवावे, आणि ते बचत गटांकडे द्यावे. घरातील पुरुषाने सकाळी पीठ मळावे किंवा आदल्या रात्री मटकी भिजत घालावी, यासाठी तर कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

मात्र बचत गटाला काम दिले म्हणजे स्त्रीला न्याय मिळाला, असे समजण्याचे कारण नाही. शाळेतील पोषण आहार शिजवणाऱ्या स्त्रियांना काय मिळते, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. २०२३ मध्ये त्यांचे मानधन १,५०० वरून २,५०० रुपयांवर गेले. ते महिन्याचे, आणि वर्षातील १० महिन्यांपुरते. शासन स्वयंपाक विकत घेते तेव्हाही त्याला दर घरकामाचाच लावते. उद्या शिरोलीत सामाईक स्वयंपाकघर निघाले, तर डाळ-तांदळाचे भाव ठरण्याआधी स्वयंपाकिणीचा तास कोणत्या दराने धरायचा, हे निविदेत लिहिले गेले पाहिजे. आणि तो दर किमान वेतनाहून कमी असता कामा नये.