कोयता कामाचा, की कलमाचा?



गवतकापणी सुरू झाली. भातही पिवळं पडलंय. या दिवसांत आपल्यातला कोण माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडतो? कमरेला आकडी, आकडीत कोयता. पण याच दिवसांत हाच कोयता पोलिसांच्या कागदावर 'धारदार हत्यार' होतोय.

मागच्या बाजाराच्या दिवशी आमच्या पाड्यावरचा एक पोरगा गवताच्या कामाला निघाला होता. एसटी स्टँडवर उभा. कमरेला कोयता, फडक्यात भाकर. दोन शिपाई आले. "मोर्चाला चाललास काय?" मोर्चा तर दुसऱ्या दिवशी होता. त्याने सांगितलं, गवत कापायला जातोय, वखारीवर विचारा. कोणी विचारलं नाही. "बंदीचा हुकूम आहे" म्हणाले आणि रात्रभर लॉकअपमध्ये ठेवला. सकाळी कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन सोडला. केस नाही. कोयता ठेवून घेतला, त्याची पावती नाही. मजुरी बुडाली. आता लोहाराकडून नवा कोयता करायचा तर आणखी मजुरी त्यातच जाणार. आणि त्याच दिवशी, त्याच स्टँडवरून शेठच्या वाडीचा राखणदार भाला घेऊन गेला. त्याला कोणी हटकलं नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ.

पहिला कायदा १९५९ चा, हत्यारांचा. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी केलेली वस्तू हत्यार धरायची नाही, असं त्या कायद्यातच लिहिलंय. १९६२ च्या नियमांत पात्याचं माप दिलं होतं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. पण तिथेही घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं वगळली होती. शिवाय अशा पात्यांना लायसन लागतं ते सरकारने जाहीर केलेल्या भागातच. तेव्हा कोणी पट्टी घेऊन तुमचा कोयता मोजायला लागला तर घाबरू नका. कामाचा कोयता या कायद्यात बसत नाही.

दुसरा कायदा १९५१ चा, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा, आता महाराष्ट्र पोलीस कायदा. त्यातलं कलम ३७. खरी गोम इथे आहे. या कलमाखाली जिल्हा मॅजिस्ट्रेट हुकूम काढू शकतो, की अमुक भागात अमुक दिवस काठ्या, सुऱ्या, भाले किंवा माणसाला इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायचं नाही. वस्तू कशासाठी केली हे इथे बघत नाहीत, तिने मारता येईल का एवढंच बघतात. तसं तर मुसळानेही मारता येतं! हुकूम मोडला तर कलम १३५ खाली चार महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि हुकूम निघालाय हे आपल्याला कळतं कधी? पकडल्यावर.

असा हुकूम असला की त्या दिवशी कापणीला जाणारी सगळी माणसं गुन्हेगार. मग त्यातला कोण धरायचा आणि कोण सोडायचा? ते शिपायाच्या मर्जीवर. जमिनीसाठी अर्ज करणारा दिसतो, शेठचा राखणदार दिसत नाही. कोर्टात गेलं तर कायदा तरी बोलतो. लॉकअपमध्ये शिपाईच बोलतो. म्हणून तर आपल्या पोरावर केस केली नाही. शिक्षा आधीच देऊन झाली होती.

हे नवं नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड तिथेच गेला. वारली हत्यारं घेऊन जमलेत, एवढं जमीनदारांनी सांगणं पुरलं. 

आता थोडं आपल्या घरातलं. बैठकीत काही पोरं म्हणाली, कोयता आपली ओळख आहे, मोर्चाला तो घेऊनच जायचं. मीपण त्याच वयाचा, मलाही ते ऐकून जोर येतो. पण पटत नाही. मोर्चात हजार माणसं असतील आणि एकाने कोयता वर केला, तर कागदावर तेवढाच लिहिला जाईल. आपली जमिनीची मागणी लिहिली जाणार नाही. लाठी खाणार पुढे बसलेल्या बाया. दुसरं, दोन-चार पोरं बाजारातला बटनाचा चाकू खिशात घालून फिरतात. बटनाच्या चाकूने गवत कापत नाही, हे सगळ्यांना कळतं. तो चाकू घरी पण ठेवू नका. त्याच्यामुळे खऱ्या कोयत्याची बाजू लंगडी पडते.

तेव्हा एवढं करायचं:

१. मोर्चाला, सभेला, तहसील कचेरीवर कोयता न्यायचा नाही. कामाला जाताना न्यायचा, आकडीतच ठेवायचा. कुठे चाललो, कोणाकडे काम आहे, ते शांतपणे सांगायचं.
२. "हुकूम दाखवा, तारीख सांगा" असं विचारायचं.
३. अटक केली तर कारण सांगावंच लागतं. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. झडतीत घेतलेल्या वस्तूंची पावती मागायची. बाईची झडती बाईच घेईल.
४. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही.
५. कोणाला नेलं तर त्याच रात्री दोघा-चौघांनी चौकीवर जायचं आणि संघटनेला निरोप द्यायचा. एकट्या बापाला पाठवू नका.

आणि सरकारकडे आपली मागणी: हुकूम निघाला की पाड्यापाड्यावर दवंडी द्या. कापणीच्या दिवसांत कामाची अवजारं हुकुमातून वगळा. घेतलेले कोयते परत करा. आणि हुकूम असेल तर तो शेठच्या राखणदारालाही लावा.

येत्या मोर्चाला हात मोकळे ठेवून या. पिशवीत जमिनीचे अर्ज, दंडाच्या पावत्या, जुने कागद असतील ते सगळे आणा. जमीन कसल्याचा पुरावा त्यातच आहे. कोयता घरी टांगून ठेवा. परत आल्यावर कापणी आहेच.