दोनशे मीटर आणि छातीभर पाणी

आज जरा भांडायचं आहे. तुमच्याशी, आणि त्याआधी स्वतःशी.

गेल्या दिवाळीत गावी, आरमोरीला गेलो होतो. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत बस वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. (पुण्यात 'गडचिरोली' म्हटलं की पुढचा प्रश्न काय येतो ते तुम्हाला माहीत आहे. तो विषय पुन्हा कधीतरी.) हातात माझं लाडकं सेइको एसकेएक्स ००७. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे पाणबुड्यांचं घड्याळ. १९९६ साली बाजारात आलं, २०१९ च्या सुमारास बंद झालं. २०० मीटरची जलरोधक क्षमता, काचेभोवती फिरणारं कडं म्हणजे बेझल, आणि अंधारात हिरवे चमकणारे टपोरे ठिपके. ज्यांना हे वेड आहे त्यांना काही सांगायची गरजच नाही, त्यांनी एव्हाना मनगटाकडे बघितलं असेल :)

सकाळी नदीवर गेलो. ऊन कोवळं होतं, पाणी निवळलेलं. ओळखीच्या एका ढिवर काकांचा डोंगा काठाला लागला होता. मी घड्याळ काढून डोंग्याच्या फळीवर ठेवलं, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणले (जाहिरातीत असतात तसे), आणि काकांना म्हटलं, "काका, जरा बाजूला होता का? सावली पडते." काका बाजूला झाले. फोटो झकास आला. भिजलेलं लाकूड, जाळ्याचा कोपरा, मागे धूसर पाणी.

मग मी आंघोळीसाठी नदीत उतरलो. आणि उतरण्याआधी घड्याळ पुसून, टॉवेलात गुंडाळून काठावर ठेवलं.

काका बघत होते. म्हणाले, "पान्याची घडी म्हन्तेस, अना पान्यात जातानी काढून ठेवतेस? मंग घेतलास कायले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुण्याला आल्यावर तो फोटो ऑफिसातल्या घड्याळवेड्या मित्रांना दाखवला. "क्या बात है! गोवा का?" मी म्हटलं, नाही रे, आरमोरी. तर एकाने विचारलं, "ते कुठे आलं?" चूक त्याची नव्हती. मीच त्या फोटोतून आरमोरी कापून टाकली होती. ज्याचा डोंगा, ज्याचं जाळं, त्या माणसाला मीच बाजूला व्हायला सांगितलं होतं. उरला होता एक कॅटलॉग.

तर माझं म्हणणं सरळ आहे. आपण डाइव्ह वॉच घेतो, त्याचे फोटो काढतो, आणि तेवढी एक गोष्ट सोडून सगळं करतो ज्यासाठी ते बनलं. कॉफीच्या कपाशेजारी, गाडीच्या स्टीअरिंगवर, लॅपटॉपच्या कीबोर्डवर फोटो. पावसात मात्र खिशात! काचेवर ओरखडा आला की दोन दिवस जेवण जात नाही. याला घड्याळ वापरणं म्हणत नाहीत, सांभाळणं म्हणतात.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत, कारण ते माझेच आहेत.

पहिला: "महाग वस्तू आहे, पाणी गेलं तर?" अहो, मग आकडे बघा. दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. आयएसओ ६४२५ हे पाणबुडी घड्याळांचं मानक सांगतं की किमान क्षमता १०० मीटर हवी, आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला घड्याळ टिकलं पाहिजे. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरची परीक्षा. माझ्यासमोर होती छातीभर वैनगंगा, तीही गोड्या पाण्याची. नंतर खारं पाणी धुवायची कटकटसुद्धा नाही. काळजी घ्यायची ती वेगळीच: चावी घट्ट फिरवून बसवली आहे ना, आतले रबरी वायसर जुने झालेत का, दोन-तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घेतली का. यातलं काहीच न करता नुसतं टॉवेलात गुंडाळणं म्हणजे बॅकअप न घेता सर्व्हरला उदबत्ती ओवाळणं. (आणि हो, साध्या घड्याळावर '३० मीटर' लिहिलं असेल तर ते पोहण्यासाठी नाही. ते हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतं. उगाच माझ्या नावाने बोंब मारू नका.)

दुसरा: "आपण कुठे खोल समुद्रात जातो?" नाहीच जात. खरं सांगायचं तर आता पाणबुडेसुद्धा या घड्याळावर विसंबत नाहीत, त्यांच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. मग काय, टाकून द्यायचं? मुळीच नाही. ते बेझल एकदा फिरवून बघा. एकाच दिशेला फिरतं. का? चुकून धक्का लागला तर पाण्यातला वेळ जास्त झाला असं दिसेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. आपण रोज कोड लिहितो, चूक झालीच तर सुरक्षित बाजूला व्हावी म्हणून डोकं फोडतो. इथे ते एका लोखंडी कड्यात बसवलंय! मी त्यावर भाताची वाफ मोजतो, आरमोरी ते वडसा रस्ता मोजतो, पंधरा मिनिटांची म्हणून सुरू झालेली मीटिंग मोजतो. यासाठी समुद्र लागत नाही.

तिसरा: "फोटोग्राफी हाच आमचा आनंद आहे." मान्य, शंभर टक्के! मीही त्यातलाच. खिडकीला पांढरं धोतर लावून काचेवरची चमक मारणं, टॉर्चने ठिपके चार्ज करून अंधारात दहा सेकंद शटर उघडं ठेवणं, यातली मजा मला कोणी शिकवू नये. लोडशेडिंगच्या काळात आमच्या गावात असल्या फोटोला वेगळा काळोख करावा लागत नसे. पण फोटो कशाचा? वस्तूचा, की तिच्यासोबत घालवलेल्या दिवसाचा?

बाबांकडे एचएमटी जनता होतं. १९६१ साली बंगळूरला सिटीझनच्या मदतीने सुरू झालेल्या कारखान्याच्या कुळातलं. (त्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला.) रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरताना बाबा ते काढून सदऱ्याच्या खिशात घालत आणि सदरा धुऱ्यावरच्या झाडाला टांगत. ते घड्याळ पाण्याचं नव्हतंच, त्यांना काढून ठेवायला कारण होतं. मला काय कारण होतं? बाबांनी त्या घड्याळाचा एकही फोटो काढला नाही, पण त्याच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा कुठला ते सांगत. माझ्याकडे माझ्या घड्याळाचे चारेकशे फोटो आहेत, सांगण्यासारखी गोष्ट एकही नाही.

ज्या सेइकोचे आपण भक्त, त्यांचीच एक हकिकत. १९६८ मध्ये जपानच्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं, की तुमची घड्याळं आमच्या खोलीवर टिकत नाहीत. कंपनीने ते मनावर घेतलं आणि १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ काढलं. म्हणजे या घड्याळांत जे काही चांगलं आहे ते पाण्यात काम करणाऱ्या माणसाचं ऐकल्यामुळे आलंय. आणि मी पाण्यात काम करणाऱ्या माणसाला काय म्हटलं? बाजूला व्हा, सावली पडते.

एक इशारा मात्र देतो. हे वाचून कोणी अनोळखी डोहात उड्या मारू नका. वैनगंगा ही गंमत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते, तेव्हा या काठांनी काय बघितलं ते इथल्या लोकांना विचारा. घड्याळ दोनशे मीटरचं असलं तरी आपण नसतो. काठावरचा माणूस 'इथे नको' म्हणाला की नको.

असो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर गेलो. घड्याळ हातातच ठेवून उतरलो, बाहेर येऊन काकांच्या शेजारी बसलो. काकांनी ते हातात घेतलं, बेझल टक-टक फिरवून पाहिलं, उलटं फिरत नाही म्हणून हसले. तेव्हा एक फोटो काढला. काटे सात-चाळीसवर, काचेवर थेंब, फोकस थोडा हुकलेला, आणि मधोमध जाळ्याने घट्टे पडलेला काकांचा हात.

तो कोणी गोव्याचा म्हणणार नाही.

या शनिवारी तुमचं काढा बरं ड्रॉवरमधून. पाऊस असला तर अजून चांगलं.