‘प्राधान्य’ या शब्दाचा अर्थ

२०२६ या आर्थिक वर्षात अमेरिकेने जास्तीत जास्त ७,५०० निर्वासित आपल्या देशात घ्यावेत, असा निर्णय त्या देशाच्या अध्यक्षांनी केला व तो ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली तो १९८० सालचा. त्या वर्षी हीच मर्यादा २,३१,७०० होती आणि २०२५ या वर्षासाठीही ती आरंभी १,२५,००० ठरलेली होती. घसरण केवढी आहे हे सांगावयास गणिती नको. परंतु या निमित्ताने आपल्याकडील सुशिक्षित मंडळी जे बोलतात, ते आम्हास या आकड्यांइतकेच अस्वस्थ करते. ‘त्या लोकांनी रीतसर अर्ज करावा, रांगेत उभे राहावे, पाळी आली की जावे, यात तक्रार कसली?’ असे म्हणणारे सद्गृहस्थ आपणास पदोपदी भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मात्र ते ज्या रांगेविषयी बोलतात ती रांगच मुळी अस्तित्वात नाही.

हा गैरसमज उत्पन्न होण्यास ‘प्राधान्य’ हा शब्द बराचसा कारणीभूत आहे. अमेरिकेच्या व्यवस्थेत निर्वासितांचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्राधान्यवर्ग केलेले आहेत. दवाखान्यात किंवा रेशनच्या दुकानात प्राधान्य म्हणजे आधी नंबर लागणे, हा आपला रोजचा अर्थ. तोच आपण येथेही लावतो. वस्तुतः पहिल्या वर्गातील माणसाचे प्रकरण तिसऱ्या वर्गातील माणसाच्या आधी निकालात निघेल अशी कसलीही हमी नाही. हे वर्ग म्हणजे कोणत्या दाराने आत येऊन आपले म्हणणे मांडता येईल, एवढेच सांगणाऱ्या पाट्या होत. दारातून आत गेल्यावर मिळते ती सुनावणी, प्रवेश नव्हे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच हा प्रकार.

त्यातही पहिल्या वर्गाचे दार निर्वासिताला स्वतःच्या हाताने ठोठावता येत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव दुसऱ्या कोणी तरी सुचवावे लागते: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय, अमेरिकेची वकिलात किंवा त्या कामी मान्यता दिलेली एखादी सेवासंस्था. उच्चायुक्तांचे कार्यालय तरी कोणाचे नाव सुचविते? जेथे आश्रय घेतला तेथेच जिवाला किंवा कायदेशीर संरक्षणाला धोका असलेले, छळ सोसलेले, ज्या व्याधीवर तेथे इलाज नाही तिने ग्रस्त झालेले, निराधार स्त्रिया आणि मुले, कुटुंबापासून ताटातूट झालेले, आणि अखेरीस, ज्यांना परत जाण्याचा किंवा आहेत तेथे स्थिरावण्याचा कोणताच मार्ग दिसत नाही असे लोक. निकडीप्रमाणे प्रकरणांची प्रतही ठरते. तातडीच्या प्रकरणात माणूस सात दिवसांत विमानात बसावा अशी अपेक्षा असते. सामान्य प्रकरणास वर्षाची मुदत पुरावी असे मानतात. प्रत्यक्षात वर्षामागून वर्षे जातात. जगातील निर्वासितांपैकी एका वर्षात तिसऱ्या देशात जाऊन वसण्याची संधी शेकडा एकासही मिळत नाही. एवढे हे दार अरुंद आहे, आणि ते उघडण्यासाठी लिहावयाचा अर्ज निर्वासिताच्या हाती नाही.

दुसरा वर्ग समूहांचा. येथे एकेकाने आपली कहाणी वेगळी सुचवून घ्यावी लागत नाही. अमुक समूहावर संकट आहे हे आधीच मान्य केलेले असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. भूतानमधून १९९० च्या सुमारास घालविले गेलेले नेपाळीभाषक लोक नेपाळच्या झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत बांबूच्या झोपड्यांतून सतरा-अठरा वर्षे राहिले. भूतानने त्यांना परत घेतले नाही, नेपाळने सामावून घेतले नाही. २००७ नंतर आठ देशांनी मिळून त्यांतील एक लाखाहून अधिक लोकांना आपल्याकडे नेले. त्यांपैकी नव्वद हजारांहून अधिक एकट्या अमेरिकेत गेले. शासनांनी मनावर घेतले तर छावण्याच्या छावण्या रिकाम्या होऊ शकतात, याचा हा पुरावा होय.

तिसरा वर्ग कुटुंबीयांचा. आधी पोहोचलेल्याने पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांच्यासाठी नात्याचे प्रतिज्ञापत्र करावयाचे. आफ्रिकेतील काही प्रकरणांत नाती खोटी आढळल्यावरून २००८ साली हे दार बंद झाले आणि २०१२ साली रक्ताच्या नात्याच्या वैज्ञानिक चाचणीची अट घालून पुन्हा उघडले. खोट्या नात्याला आळा घालणे योग्यच. पण मधल्या चार वर्षांत खऱ्या नात्यांचीही ताटातूट लांबली, हेही विसरता येत नाही. पुढे २०२३ मध्ये पाच-पाच अमेरिकन रहिवाशांनी मिळून एखाद्या निर्वासिताचा भार उचलावा अशीही योजना निघाली. तिचे आयुष्य दोनच वर्षांचे ठरले.

दार कोणतेही असो, पुढचा रस्ता सारखाच. कागदपत्रांची जुळणी, बोटांचे ठसे आणि नावांची गुप्त तपासणी, अमेरिकन अधिकाऱ्यासमोर समक्ष मुलाखत, क्षयादी रोगांसाठी वैद्यकीय तपासणी, परक्या देशातील रीतिरिवाजांचे धडे, आणि मग विमानाचे तिकीट. तेही उसने, पैसे पुढे हप्त्यांनी फेडावयाचे. कोणत्याही पायरीवर फी नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण ‘तुझे नाव वर घालतो’ म्हणून पैसे उकळणारे दलाल अशा माणसांच्या भोवती घोटाळतच असतात. खरी मेख निराळीच आहे. यांतील प्रत्येक तपासणीला मुदत असते. वैद्यकीय दाखला साधारण सहा महिने चालतो. सुरक्षेची मंजुरीही कालांतराने शिळी होते. एक मुदत संपली की ती तपासणी पुन्हा, ती होईपर्यंत दुसरी संपते. घरात मूल जन्मले तरी सारा कागद पुन्हा हलतो.

आता २०२५ मध्ये काय घडले ते पाहावे. २० जानेवारीच्या आदेशाने ही सारी व्यवस्था स्थगित झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक पायरी चढून तिकीट हाती घेतले होते, घरातील भांडीकुंडी विकून टाकली होती, अशा हजारोंची उड्डाणे रद्द झाली. किती परक्यांना घरात घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु स्वतः बोलावून, स्वतः तपासून, स्वतः मंजुरी देऊन मग उंबरठ्यावरून परत फिरविणे हा त्या अधिकाराचा भाग असू शकत नाही. तो वचनभंग आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील गौरवर्णीय आफ्रिकानेर लोकांची पहिली तुकडी अमेरिकेत उतरली, आणि नव्या ७,५०० जागाही प्रामुख्याने त्यांच्यासाठीच राखल्या गेल्या. त्यांतील कोणावर अन्याय झाला असेल तर त्याची दाद जरूर लागावी. मात्र इतरांना जो मार्ग काटण्यास वर्षे लागतात तो यांना काही महिन्यांत, तेही स्वदेशात घरी बसून, पार करता आला. कायद्यात अशी तरतूद आहे. अपवाद म्हणून आहे. अपवाद हाच नियम झाला तर वर्गांच्या पाट्या कशाला हव्यात?

पण अमेरिकेला बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. दिल्लीत उच्चायुक्तांच्या कार्यालयात नोंदलेले म्यानमारचे आणि अफगाणिस्तानचे निर्वासित याच दारांकडे डोळे लावून बसलेले आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. २०२५ मध्ये परकीयांसंबंधी नवा कायदा झाला, पण निर्वासित कोणास म्हणावे हे त्यातही सांगितलेले नाही. परिणामी तिकडचे दार उघडले तरी येथून बाहेर पडण्यासाठी आपल्या सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि तिसऱ्या देशाची मान्यता मिळालेल्या काही रोहिंग्यांना ती नाकारली गेल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविलेल्या आहेत. ज्यांना येथे ठेवूनही घ्यावयाचे नाही त्यांना जाऊही द्यावयाचे नाही, हे धोरण कोणत्या राष्ट्रहिताचे, ते आम्हास उमगत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. सायबेरियात हद्दपार होऊन इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतांशी बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहत होते. तेही कोणी तरी आपले नाव कोठे तरी सुचवील याचीच वाट पाहत होते. पुढे काही इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत. त्यांच्या रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. जे आले त्यांनाही आणि जे गेले त्यांनाही त्या वेळी कोणी अडविले नाही.

निर्वासितांचा स्वतंत्र कायदा संसदेने करावा ही आमची मागणी आहेच. तो होईल तेव्हा होवो. तोपर्यंत केंद्रीय गृहखात्याने एवढे तरी जाहीर करावे की, तिसऱ्या देशाने स्वीकारलेल्या निर्वासिताच्या निर्गमनाचा निर्णय त्याच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत संपण्याच्या आत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत दिला जाईल, आणि नकार द्यावयाचा असल्यास त्याचे कारण लेखी कळविले जाईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.