'चक दे' वाजवा, पण आधी पोरींचा प्रवासभत्ता द्या

आधीच सांगून ठेवतो, गाणं मला आवडतं. नाहीतर कमेंटमध्ये लगेच देशभक्तीचं प्रमाणपत्र मागायला येणारे आहेतच.

परवा संध्याकाळी शहागंजात, घड्याळाच्या टॉवरजवळ चहा पीत उभा होतो. समोरून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक गेली. पुढे डीजे, डीजेवर 'चक दे इंडिया'. साहेबांनी आयुष्यात हॉकी स्टिक हातात धरली असेल असं वाटत नाही. शेजारचा भाजीवाला म्हणाला, "भाई, मॅच है क्या आज?" मी म्हटलं, नाही, केक आहे.

हसलो आम्ही. पण घरी येऊन मला गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट आठवली आणि हसू गेलं.

शाळकरी मुलींची स्पर्धा होती. कुठली, कुणी भरवली, ते सांगत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. सकाळी साडेआठची वेळ दिलेली. पोरी तालुक्याच्या गावांहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. पाहुणे अकराला आले. तोवर अडीच तास लेकरं रांगेत उभी. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून चार जणींनी ओढणी धरायची आणि पाचवीनं आडोशाला बदलायचं. पाण्याचा एक जार, तो साडेनऊलाच रिकामा. आणि स्पीकरवर काय? 'चक दे'. साउंडवाला पोरगा वैतागून मला म्हणाला, "सर, सहाव्यांदा लावतोय. साहेब अजून सिडकोतच आहेत."

पाहुणे आले, गाणं सातव्यांदा वाजलं, फोटो झाले, भाषण झालं. भाषणात "आपल्या मुली कशातच कमी नाहीत" हे वाक्य होतंच. संध्याकाळी एका शिक्षिकेनं हळूच सांगितलं की आदल्या वर्षीचा प्रवासभत्ता अजून मिळालेला नाही, तिकिटं तिनं स्वतःच्या पगारातून काढली.

आता या गाण्याची गंमत बघा. 'चक दे इंडिया' हा सिनेमा ऑगस्ट 2007 मध्ये आला. जयदीप साहनींनी लिहिलेलं, सलीम-सुलेमाननी चाल दिलेलं, सुखविंदर सिंगनी गायलेलं हे गाणं. कुठल्या सरकारनं ते ठरवून दिलं नाही, कुठल्या संघटनेनं ठराव केला नाही. तरी दीड महिन्यात, सप्टेंबरात, आपण जोहान्सबर्गला टी-20 विश्वचषक जिंकलो आणि तेव्हापासून हे गाणं प्रत्येक भारतीय संघाचं होऊन बसलं. क्रिकेट असो, कबड्डी असो, गल्लीतली टेनिस बॉलची स्पर्धा असो.

पण सिनेमा कशाचा होता? मुलींच्या हॉकी संघाचा. ज्यांना विश्वचषकाला पाठवायलाही संघटना तयार नव्हती, त्यांचा. साहनींना तो सुचला 2002 च्या एका छोट्याशा बातमीवरून. मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या महिला हॉकी संघानं इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकलं होतं आणि पेपरांनी त्याला कोपऱ्यात जागा दिली होती. म्हणजे ज्या दुर्लक्षाविरुद्ध ते गाणं जन्मलं, तेच दुर्लक्ष झाकायला आपण आज ते वापरतोय.

आणि गाण्यानं हॉकीचं काय झालं? सिनेमा येऊन सात महिने झाले नव्हते. मार्च 2008, चिलीतलं सँटियागो. ग्रेट ब्रिटनकडून 2-0 हरलो आणि 1928 पासून पहिल्यांदाच आपला पुरुष हॉकी संघ ऑलिम्पिकला पात्र ठरला नाही. देशभर गाणं वाजत होतं, हं! पुढे जानेवारी 2010 मध्ये, विश्वचषक दीड महिन्यावर असताना, पुण्याच्या शिबिरात भारतीय संघानं सराव थांबवला. कशासाठी? हक्काच्या पैशासाठी. देशाच्या संघाला, राष्ट्रीय खेळ म्हणून आपण मिरवतो त्या खेळात, पैशासाठी स्टिक खाली ठेवावी लागली.

फरक पडला तो नंतर. 2018 पासून ओडिशा सरकारनं दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. मैदानं झाली, पैसा वेळेवर येऊ लागला. 2021 ला टोकियोत पुरुषांनी 41 वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणलं, मुली चौथ्या आल्या. श्रेय एकट्या पैशाचं नाही, खेळाडूंच्या घामाचं आधी. पण घाम 2008 मध्येही गाळत होतेच की. गाणंही तेच होतं.

कुणी म्हणेल, "अहो, गाण्यानं चैतन्य येतं. त्यात वाईट काय?" बरोबर आहे. मॅचच्या आधी अंगावर काटा येतो, मलाही येतो. पण काटा येणं ही मदत नाही. उपाशी पोराला ढोल ऐकवून त्याचं पोट भरत नाही. आणि खरं सांगायचं तर गाणं स्वस्त पडतं. शौचालय बांधायला निविदा काढावी लागते, भत्त्यासाठी फाईल हलवावी लागते. गाण्याला एक पेन ड्राइव्ह पुरतो.

आता दुसरं उदाहरण घ्या. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून आपल्या मुली विश्वविजेत्या झाल्या. त्यानंतर सगळ्या जणींनी मैदानावर घोळका करून स्वतःचं एक गाणं म्हटलं. सांगलीची स्मृती मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. जेमिमानंच सांगितलं की हे संघाचं गाणं विश्वचषक जिंकू त्याच दिवशी लोकांपुढे आणायचं, असं त्यांनी चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

चार वर्षं गाणं पोटात ठेवलं! त्या चार वर्षांत काय झालं? ऑक्टोबर 2022 मध्ये बोर्डानं मॅच फी पुरुषांइतकी केली: कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-20 ला 3. 2023 ला महिला प्रीमियर लीग सुरू झाली. वार्षिक करारात दरी अजून आहेच, पण पाया घातला गेला. आधी पाया, मग कप, मग गाणं. आपल्याकडे क्रम उलटा. आधी गाणं, मग फोटो, आणि पाया पुढच्या बजेटला.

यात मी स्वतःला सोडत नाही. 2007 ला पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन नवा नवा नोकरीला लागलो होतो. पोरींच्या कुठल्याही विजयाच्या बातमीला मी डोळे झाकून 'चक दे!' हे शीर्षक द्यायचो. किती वेळा दिलं, मोजलं नाही. त्या पोरी कुठे झोपल्या, काय खाल्लं, घरी कशा गेल्या, हे एकदाही विचारलं नाही. शीर्षक छान झालं की बातमी झाली, असं वाटायचं. साहनींनी कोपऱ्यातल्या बातमीतून सिनेमा काढला. आम्ही सिनेमातून शीर्षक काढलं आणि खरी बातमी कोपऱ्यातच ठेवली.

म्हणून आता एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गावात, वॉर्डात, शाळेत स्पर्धा असेल आणि स्पीकरवर हे गाणं लागलं, तर आयोजकांना तीन प्रश्न विचारा. पोरींना कपडे बदलायला बंद खोली आहे का? पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल का? मागच्या वर्षीचा प्रवासभत्ता जमा झाला का? तीनही उत्तरं 'हो' असली, तर आवाज वाढवा, मीही येतो नाचायला.

'नाही' असलं तर साउंडवाल्याला गाणं बंद करायला सांगा. तो खूश होईल, त्याचा मला अनुभव आहे.

आणि त्या शिक्षिकेचे तिकिटाचे पैसे? मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. अजून आलेले नाहीत. ते येईपर्यंत दर महिन्याला इथेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.