पाहुणचार आटला नाही, भार वाढला



‘नोकरी करणाऱ्या सुनांमुळे उन्हाळ्यातला पाहुणचार आटला’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. मे २०२४च्या अखेरीस ब्रह्मपुरीचा पारा ४७ अंशांपलीकडे गेला होता. नेमके याच दिवसांत लग्नसराईचे पाहुणे घरी असतात. सून पहाटे उठून माठ भरते, कूलरच्या टाकीत बादल्या ओतते, डबे करते, मग कामावर जाते. संध्याकाळी पुन्हा पन्हे, स्वयंपाक, अंथरुणे.

आसपासच्या खेड्यांतल्या बायका तर तेंदूपानांच्या हंगामात वाघाची भीती असूनही उजाडायच्या आत जंगल गाठतात आणि दुपारी ७०-७० पानांचे पुडे बांधतात. त्यांच्याकडेही पाहुणे येतात. पण आलेली आत्या, मामी आपणहून पुडे बांधायला बसते. शहरात हीच रीत आपण सोडली, दोष मात्र सुनेला!

पाहुण्यांनी यावे, जरूर यावे. आधी फोन करावा, दुपारचे जेवण स्वतः वाढून घ्यावे. आणि कूलरचे पाणी घरातल्या पुरुषांनी भरावे, पत्रलेखकांनीसुद्धा.

– एक वाचक, ब्रह्मपुरी