एकाच भाकरीचे वाटेकरी

आज पवित्र गुरुवार. नागपुरात सदर भागातल्या संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये आणि शहरातल्या इतर कॅथलिक चर्चमध्ये संध्याकाळी मिस्सा होईल, प्रोटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजनाला बसतील. मनीषनगर, बेसा, सोमलवाडा या आपल्या बाजूच्या वस्त्यांतली ख्रिस्ती कुटुंबेही ऊन कलले की घराबाहेर पडतील. अटक होण्यापूर्वीच्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर हाती घेतली, देवाचे आभार मानून ती मोडली आणि हे माझे शरीर आहे असे सांगून सगळ्यांना वाटली. त्या रात्रीची ही आठवण. शेजारच्या फ्लॅटमधले लोक आज कशासाठी निघाले आहेत हे आपल्याला ठाऊक असावे. त्याहूनही, त्या भाकरीचा आपल्याशी असलेला संबंध ठाऊक असावा.

बायबलमधली भाकर सुरुवातीपासूनच वाटणीची गोष्ट आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांना वाळवंटात मान्ना हा देवाने दिलेला आहार मिळाला, तो रोजचा रोज आणि माणशी ठरलेल्या मापाने. ज्याने जास्त गोळा केला त्याच्याकडे उरला नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले. फक्त शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. पुढे येशूने पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातल्याची कथा येते. पुनरुत्थान सोडले तर चारही शुभवर्तमानांनी सांगितलेला हा एकच चमत्कार. त्यातल्या पाच भाकरी सातूच्या होत्या आणि त्या एका मुलाकडे होत्या, हे फक्त योहान सांगतो. सातू म्हणजे गरिबाचे धान्य. इतक्या लोकांचे पोट भरले ते श्रीमंताच्या कोठारातून नव्हे, हे योहानाला नोंदवून ठेवावेसे वाटले.

आणि ही भाकर कापायची नसते, मोडायची असते. विदर्भातल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला रोडगा हातानेच फोडावा लागतो आणि रोडग्यांचे जेवण एकट्यादुकट्याचे नसतेच. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेला अनोळखी वाटसरू कोण, हे दोन शिष्यांना वाटेतल्या चर्चेतून कळले नाही. त्याने जेवताना भाकर मोडली तेव्हा कळले की तो पुनरुत्थित येशू आहे.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रेषित पौलाचे करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले पहिले पत्र. त्या शेवटच्या जेवणाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत याच पत्रात आहे, शुभवर्तमानांच्याही आधीचा. तो आला आहे एका भांडणाच्या निमित्ताने. करिंथच्या मंडळीत सधन लोक आपले आपले जेवून घेत, काही जण पिऊन तर्र होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौल रागाने लिहितो की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. विधीत चूक नव्हती, प्रार्थनेत चूक नव्हती. पंगतीत चूक होती. तेवढ्याने भाकरीचे पावित्र्य गेले. त्याने सांगितलेला उपायही साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

पंगत म्हटले की महाराष्ट्राला स्वतःचा इतिहास आठवायला हवा. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. नव्या सभासदाने जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यायची, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. पावाचा एक तुकडा घशाखाली उतरवायला केवढे धैर्य लागत असेल! १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. उपस्थितांची नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. कुणाच्या हातचे खाल्ले यावरून माणूस बाटतो, असे मानणारा समाज आपला होता. अन्नाला जात चिकटवणे आपल्याला किती सहज जमले, याचा हा पुरावा आहे.

ख्रिस्ती समाजही यातून सुटला नाही. वेदीसमोर सगळ्यांना एकच भाकर मिळत असताना जात चर्चच्या दारातून आत आलीच. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित ख्रिस्ती बांधवांविषयीच्या धोरणपत्रात चर्चमधला भेदभाव मान्य केला. पौलाचे पत्र ऐकत आलेल्या समाजाला हे मान्य करायला इतका काळ लागला, याचे दुःख व्हायला हवे.

आणि आपली नवी नागपुरी घरे? लिफ्ट आली, मॉड्युलर किचन आले, पण धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा चहाचा कप कितीतरी घरांत अजून वेगळा आहे. तो ओट्याच्या कोपऱ्यात किंवा खिडकीत ठेवलेला असतो आणि ती स्वतःच तो विसळून परत तिथे ठेवते. तिला शिळी पोळी मिळते, ती आपल्याबरोबर बसत नाही. सगळ्या धर्मांच्या घरांत हे चालते आणि कुणाला प्रायश्चित्त घ्यावेसे वाटत नाही. करिंथच्या सधनांना पौलाने जे सुनावले, ते इथेही तसेच्या तसे लागू पडते.

येशूच्या त्या शेवटच्या रात्रीचे वर्णन करताना योहान भाकरीचा विधी सांगतच नाही. तो सांगतो की येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि नोकराचे काम स्वतः करत शिष्यांचे पाय धुतले. म्हणूनच आजच्या मिस्सेत धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. ते पाहून जे घरी परततील त्यांनी कोपऱ्यातला तो कप उचलून बाकीच्या कपांत ठेवावा. जे कुठल्याच चर्चमध्ये जात नाहीत, त्यांनीही ठेवावा. आणि उद्या सकाळी ती बाई आली की चहा टेबलावर, आपल्याबरोबर द्यावा.