स्वप्नातली आज्जी



तुम्हांला स्वप्नं पडतात ना? कुणी आभाळात उडतं, तर कुणी गणिताच्या पेपरला पेनच विसरतं! पण कधी कधी स्वप्नात आपलं असं माणूस येतं, जे आता या जगात नाही. मग सकाळी उठल्यावर छातीत धडधडतं, नाहीतर एकदम रडू येतं.

आमच्या उंब्रजकडं भाद्रपदात घरोघरी म्हाळ घालतात. गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात, कावळ्याला घास ठेवतात. त्या दिवसांत तिसरीतली एक मुलगी मला हळूच म्हणाली, "बाई, आज्जी सपनात आल्ती. शेजारची काकी म्हणती, तिचं कायतरी मागणं ऱ्हायलंय. मला झोपायचंच भ्या वाटतंय."

मुलांनो, यात भिण्यासारखं काहीच नाही. झोपेत अंग विसावतं, पण मेंदूचं काम चालूच असतं. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ साली एक गंमत जगाला सांगितली. झोपेत काही वेळ मिटलेल्या पापण्यांआड आपले डोळे भराभर हलतात. तेव्हा माणसाला उठवलं, तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो! अशी वेळ रात्रीतून चार-पाचदा येते. मनात घोळणारी माणसं, आठवणी, काळज्या हे सगळं स्वप्नात मिसळतं. म्हाळाच्या दिवसांत घरात आज्जीचाच विषय असतो. मग ती स्वप्नात दिसली तर नवल काय? ती रागावलेली नसते, काही मागतही नसते. आपल्याला तिची आठवण येते, एवढंच.

मग स्वप्नाला अर्थच नाही का? आहे की! पण तो जागेपणी आपण द्यायचा असतो.

तुकाराम महाराजांचंच बघा. आई-वडील त्यांच्या तरुणपणीच गेले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. केवढं हे दुःख! पुढं एकदा त्यांच्या स्वप्नात विठोबाला बरोबर घेऊन नामदेव महाराज आले आणि कविता करायला त्यांनी सांगितलं. हे तुकोबांनीच आपल्या अभंगात लिहून ठेवलंय. नामदेवांना जाऊन तर तेव्हा अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती! तुकोबा घाबरले नाहीत, की नुसते स्वप्न आठवत बसले नाहीत. ते कामाला लागले. म्हणून तर गाथेतले हजारो अभंग आज आपल्याला मिळाले.

आपणही तसंच करू या. आज्जी-आजोबा स्वप्नात आले, की सकाळी एक वही घ्या. त्यांची एक आठवण लिहा. आज्जी भाकरी कशी थापायची, कोणती गोष्ट सांगायची, काय म्हणून हाक मारायची. मग तिचं एखादं काम तुम्ही उचला. तुळशीला पाणी घाला, धाकट्या भावाला तिची गोष्ट सांगा.

आणि पालकहो, मूल स्वप्न सांगू लागलं, की "गप झोप" म्हणू नका. ताईत, अंगारेही नकोत. जवळ घ्या, ऐका, आणि तुमचीही एक आठवण सांगा. मूल रोजच दचकून उठत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. गेलेल्या माणसाचं नाव घरात मोकळेपणानं निघालं, की मुलांच्या मनातली भीती हळूहळू जाते आणि माया तेवढी राहते.

तुमच्या बाई,
उंब्रज